आगेऱ्याचं तिसरं कडवं

अंधेरी पूर्वेच्या त्या गावठाणातलं शेवटचं भातशेत बुजलं त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. शेतांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, इमारतींच्या एसीचं गरम वारं गावठाणाच्या कौलांवर येऊ लागलं, आणि त्याबद्दल केलेल्या अर्जांचा गठ्ठा कुठल्याशा कपाटात सुखानं झोपी गेला. पण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी येणारा आगेरा, म्हणजे नव्या भाताचा सण, गावठाणानं एकदाही चुकवला नाही. पिकत नाही तर नाही. कणसं वसईहून टेम्पोनं येतात, चर्चच्या दारात रिबिनी बांधून वाटली जातात, आणि आयुष्यात ज्यांच्यातल्या बहुतेकांचा पाय चिखलात गेला नाही अशी सातशे माणसं ती हातात धरून, आत्ताच बांधावरून आल्यासारख्या चेहऱ्यानं आत शिरतात.

कॉन्सेप्टा डिमेलोला त्या सकाळी कणसांशी काही घेणं नव्हतं. तिचा मॉनिटर सापडत नव्हता.

म्हणजे हरवला नव्हता. वेदीच्या डाव्या खांबावर, दहा फूट उंचीवर, चांगला पंचावन्न इंची मॉनिटर सगळ्या जगाच्या डोळ्यांसमोर लटकत होता. तो फक्त कॉम्प्युटरला दिसत नव्हता. खांबाच्या पायथ्याशी टेबलावर ठेवलेला कॉम्प्युटर आपल्या छोट्या पडद्यावर पुन्हा पुन्हा एकच वाक्य दाखवत होता: दुसरा डिस्प्ले आढळला नाही.

"आढळला नाही म्हणे," कॉन्सेप्टा पुटपुटली. "डोळे फुटलेत काय रे तुझे?"

दोन पावलांवर, गाण्याच्या साथीच्या कीबोर्डपाशी बसलेल्या कॉस्मसनं हे ऐकलं आणि त्याला फार बरं वाटलं. कॉस्मस एकाहत्तर वर्षांचा, चाळीस वर्षं क्वायरचा, म्हणजे चर्चच्या गायकांचा, प्रमुख, आणि गेल्या ऑगस्टपासून कॉन्सेप्टाचा उघड शत्रू. चर्चमधली गीतांची दोनशे पुस्तकं वाळवीनं खाल्ली तेव्हा ती नवी छापावीत असं त्याचं म्हणणं होतं. शब्द पडद्यावर दाखवावेत असं कॉन्सेप्टाचं. पॅरिश कौन्सिलमध्ये एका मतानं कॉन्सेप्टा जिंकली, पण फादरनी मधला मार्ग काढला, आणि मधला मार्ग काढणारा माणूस नेहमी एखाद्याचा गळा मोकळा ठेवून दुसऱ्याचा दाबतो. आगेऱ्यापर्यंत पडदा लावून बघू, फादर म्हणाले. सणाच्या मिस्सेला, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला, नीट चालला तर राहील, नाहीतर उतरवू. मिस्सेनंतर लगेच कौन्सिलची बैठक होती. पडदा उतरला असता तर कॉन्सेप्टाला पुन्हा वेदीच्या फुलदाण्यांत पाणी भरायला जावं लागलं असतं. विमा कंपनीत पस्तीस वर्षं काढलेल्या, नवरा गेल्यावर लोकांच्या कीव करणाऱ्या नजरा झेललेल्या त्या बाईला या टेबलामागे पहिल्यांदा असं वाटलं होतं की सातशे माणसांनी कुठं बघायचं ते आपण ठरवतो आहोत.

"लाव की आता तुझा सिनेमा," कॉस्मस म्हणाला.

"तू तुझ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या सांभाळ रे."

"मी सांभाळतोच गो. माझ्या पट्ट्यांना वायर लागत नाय."

हा कीबोर्ड विजेवरच चालायचा, पण वाद घालायला वेळ नव्हता. तिनं ग्लेनरॉयला फोन लावला. ग्लेनरॉय गल्लीतलाच, चाळिशीचा, साउंड आणि लाइटचं काम करणारा. मॉनिटर त्यानंच बसवला होता, गुरुवारी खाली काढून साफ केला होता आणि काल संध्याकाळी पुन्हा टांगला होता.

"आंटी, मी मुलुंडला हाय, लग्नात. टेन्शन नको घेऊ. बंद करून चालू कर."

"तीनदा केला."

"केबल काढून परत लाव."

"लावली."

"मागे दोन ठिकाणी लागते ती. वरच्या खाचेत नको, खाली आडवी हाय त्यात लाव."

"खालीच लावलीय रे बाबा. विंडोज आणि पी पण दाबून झालं, डिटेक्ट पण दाबून झालं. ते म्हणतं आढळला नाही."

"मॉनिटरला करंट हाय ना?"

कॉन्सेप्टानं खांबाकडे पाहिलं. खालचं बटण चालू होतं, त्यातून निघालेली वायर खांबावरून वर जाऊन मॉनिटरच्या पाठीमागे दिसेनाशी झाली होती. तिथवर कोणाचा हात पोचत नव्हता, आणि शिडी सजावटवाल्यानं नेली होती.

"हाय."

"मग काय नाय करायचं, आपोआप पकडेल," ग्लेनरॉय म्हणाला. जगातले सगळे जाणकार उत्तरं संपली की हेच सांगतात. मागे बँड सुरू झाला आणि फोन कटला.

तेवढ्यात घंटा वाजली. फादर कणसांची जुडी घेऊन दारातून निघाले. कॉस्मसनं प्रवेशगीताचे सूर छेडले, आणि काळ्या मॉनिटरकडे बघत, ओठांच्या कोपऱ्यात हसू धरून, तो गोंधळाची वाट बघू लागला.

गोंधळ झाला नाही. सातशे माणसांनी माना वर करून मॉनिटरकडे पाहिलं आणि गीत सुरू केलं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. सवयीनं कॉन्सेप्टाचं बोट स्पेसबार दाबत गेलं. पाठ असणार, तिला वाटलं. जुनं गीत आहे. माणसं सवयीनं वर बघतायत. तिनं कॉस्मसकडे विजयी नजर टाकली आणि पुन्हा केबलशी झटू लागली.

मग प्रतिसाद स्तोत्र आलं. त्याची चाल नवी होती, शब्द नवे होते, गावठाणात ते आधी कोणी गायलेलं नव्हतं. शुक्रवारी घाईनं टाइप करताना कॉन्सेप्टानं त्यातली एक ओळ चुकून दोनदा चिकटवली होती आणि ती चूक तिला आत्ता, तिच्या छोट्या पडद्यावर दिसली. सातशे माणसांनी ती ओळ दोनदा म्हटली. कोणी अडखळलं नाही, कोणी हसलं नाही. कॉस्मसची बोटं मात्र एका सुरानं पुढे गेली आणि चाचपडत मागे आली.

कॉन्सेप्टा उठली. वाचनाच्या पुस्तकातली खूण शोधल्याचं निमित्त करून ती खांबाच्या समोर गेली आणि तिनं वर पाहिलं. मॉनिटर काळा होता. पंख्याचं फिरतं प्रतिबिंब त्यात दिसत होतं आणि बरोबर मध्यावर एक पाल चिकटून बसली होती. पहिल्या बाकावर भाऊराव मिस्किटा बसले होते, वय अठ्ठ्याऐंशी, कुठल्याही गोष्टीवर तक्रार करण्याचा हक्क कमावलेले.

"अंकल, दिसतं काय तिथं?" तिनं वाकून हळूच विचारलं.

"दिसतं गो. ती पाल आडवी येते तेवढी." भाऊरावांनी मान डावीकडे कलती केली, डोळे बारीक केले आणि पालीआडचा शब्द वाचल्यासारखे ओठ हलवले. "अक्षर जरा मोठं करशील तर बरं."

ती रिकाम्या खुर्चीशेजारच्या आपल्या जागेवर येऊन बसली. कॉम्प्युटर म्हणत होता, दुसरा डिस्प्ले आढळला नाही. पस्तीस वर्षं विम्याचे खोटे दावे पकडलेल्या बाईला एवढं कळत होतं की सातशे माणसं मिळून एका विधवेची चेष्टा करत नाहीत. एवढी एकी या गावठाणात असती तर शेतं बुजली नसती. मग तिनं एक परीक्षा घेतली. श्रद्धावानांच्या प्रार्थनांच्या वेळी, प्रतिसादाची स्लाइड आणायच्या ऐवजी तिनं हात मांडीवर ठेवला. प्रार्थना संपली आणि शांतता झाली. सातशे माणसं माना वर करून थांबली. फादर थांबले. कोणाचं मूल रडलं नाही, कोणी खोकलं नाही. कॉन्सेप्टानं मनात वीस मोजले. मग बोट टेकवलं.

"प्रभो, आमची प्रार्थना ऐक," सातशे माणसं म्हणाली.

खरं सांगायचं तर तिला भीती वाटण्याआधी सुख वाटलं. क्षणभर, पण वाटलं. बैठक जिंकल्यात जमा होती.

मग आगेऱ्याचं गाणं आलं. हे गाणं म्हणजे सणाचा जीव. फादर कणसांची जुडी डोक्यावर उचलतात, सगळे आपापलं कणीस उचलतात, आणि गाणं संपेपर्यंत हात खाली घ्यायचा नाही असा गावठाणाचा नेम. पूर्वी नांगरावर पोसलेले दंड होते, गाणंही म्हणे लांब होतं. आता दोनच कडवी शिल्लक होती. तिसऱ्याचे शब्द कॉन्सेप्टाच्या आईलाही येत नव्हते आणि कॉस्मसच्या बापालाही. दोन कडवी, दोन मिनिटं, हात खाली, जेवण.

*पयलं कणीस देवाला गो, ज्यानं पाणी धाडिलं.*

पहिल्या कडव्याला तिचा फोन थरथरला. ग्लेनरॉयचा मेसेज होता. "आंटी सॉरी. मॉनिटरची वरची पॉवर केबल माझ्या बॅगेतच राहिली. खालची वायर नुसती लोंबकळते. काय करू नको, मी येतो."

कॉन्सेप्टानं तो मेसेज दोनदा वाचला. मग वाकून कॉम्प्युटरच्या मागची केबल ओढून काढली आणि मांडीवर घेऊन बसली, पकडून आणलेल्या सापासारखी. आता वर वीज नव्हती आणि खाली जोड नव्हता.

*दुसरं कणीस घराला गो, ज्यानं बियाणं राखिलं.*

दुसरं कडवं संपलं. तिच्या छोट्या पडद्यावर स्लाइड शो संपल्याची सूचना आली, बाहेर पडण्यासाठी क्लिक करा. तिनं क्लिक केलं. फाइल बंद झाली आणि पाठीमागचं चित्र तेवढं उरलं, तिच्या पुतणीच्या लग्नातलं, ज्यात तिचा अर्धाच चेहरा आला होता.

कणसं खाली आली नाहीत. सातशे हात वरच होते आणि सातशे माना मॉनिटरकडे. फादरच्या कोपरांना कंप सुटला होता. कॉस्मसनं शेवटचा सूर दाबून धरला होता. तिच्याकडे बघत मुद्दाम धरला असता तर कॉन्सेप्टानं त्याला नंतर पाहून घेतलं असतं, पण तोही वर बघत होता. जिवंत असेपर्यंत त्या डब्याकडे बघणार नाही असं भर कौन्सिलमध्ये सांगितलेला कॉस्मस तोंड किंचित उघडं ठेवून वाचत होता.

"संपलं," ती कुजबुजली. "कॉस्मस, संपलं रे. थांबव."

कॉस्मसनं मान हलवली नाही. "पुढचं लाव गो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. गेल्या ऑगस्टनंतर तो पहिल्यांदाच तिच्याशी गोड बोलला होता.

"पुढचं नाही माझ्याकडे."

"लाव ना. लोकांचे हात दुखतात."

लोकांचे हात खरंच दुखत होते. भाऊरावांचं कणीस लटपटत होतं, दुसऱ्या हातानं मनगट धरून ते त्याला वर ठेवत होते. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस कोसळला असता आणि दोष पडद्याचा असता. कॉन्सेप्टानं पुतणीच्या लग्नाकडे बघत स्पेसबार दाबला.

*तिसरं कणीस त्याला गो, जो दाराबाहेर उभा.*

सातशे माणसांनी ते एका दमात म्हटलं. एकही सूर डळमळला नाही, लहानपणापासून म्हणत आल्यासारखा. कॉन्सेप्टानं दाराकडे पाहिलं. बाहेर भर दहाचं ऊन होतं, स्कूटरी होत्या, रिबिनींची रिकामी पुठ्ठ्याची खोकी होती. दुसरं काही नव्हतं. तिनं हात कीबोर्डवरून उचलला आणि दोन्ही हातांनी केबल घट्ट धरली. नाही दाबायचं. बैठक गेली खड्ड्यात, पडदा उतरवा, मी फुलदाण्या भरते.

शांतता लांबली. फादरच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्याशी येऊन लोंबू लागला. पहिल्या बाकावर भाऊरावांचे गुडघे वाकले, पण डोळे वरच राहिले.

"कॉन्सेप्टा," कॉस्मस मऊपणानं म्हणाला.

तिनं दाबलं.

*चौथं कणीस त्याला गो, जो आता आत आला.*

या वेळी तिनं दाराकडे पाहिलं नाही, पण बाकांकडे पाहण्यावाचून इलाज नव्हता. शेवटच्या रांगेतली, मधल्या वाटेच्या कडेला उभी असलेली दोन माणसं, मॉनिटरवरची नजर न काढता, उशिरा आलेल्याला वाट द्यावी तशी अंग चोरून किंचित सरकली. मग त्यांच्या पुढच्या रांगेतली सरकली. मग त्यांच्या पुढची. काही घाई नव्हती, आणि मोकळ्या वाटेवर कोणी दिसत नव्हतं. रांगेमागून रांग, कणसं उंच धरून, माणसं वाट देत गेली, आणि ती वाट भाऊरावांपाशी येऊन डावीकडे, खांबाच्या दिशेनं वळली.

कॉस्मसनं सूर न सोडता, वर बघत बघत, पाय लांब केला आणि कॉन्सेप्टाच्या शेजारची रिकामी खुर्ची बसायला पुरेल एवढी मागे ओढून दिली.