कुठेच न जाणारा जिना

मी एक जिना बोलतोय. हसू नका. जिना म्हटलं की तुम्हाला वरचा मजला आठवतो, पण मला वरचा मजलाच नाही. एका बाजूने चार बुटक्या पायऱ्या वर, मध्ये दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी सपाट जागा, दुसऱ्या बाजूने तीन जरा उंच पायऱ्या खाली, की तुम्ही परत त्याच खोलीत. लहान मुलांच्या एका हॉस्पिटलात, व्यायामाच्या खोलीत, निळी गादी आणि भलामोठा चेंडू यांच्या मध्ये मी अकरा वर्षं उभा होतो.

माझा जन्म मीटिंगच्या टेबलापासून झाला. हॉस्पिटलने नवं टेबल आणलं आणि सुतारकाकांनी जुन्याच्या लाकडातून मला घडवलं. टेबलाच्या जन्मात मी इतक्या मीटिंगा सोसल्या होत्या, की मुकाट्याने ऐकून घ्यायची मला सवयच लागली होती. नकाशात लिहिल्याप्रमाणे एका बाजूची पायरी साडेचार इंच, दुसरीकडची सहा. काकांनी दोनदा मोजलं, कठडे पोरांच्या हाताला येतील असे गुळगुळीत घासले आणि म्हणाले, "झाला बाबा. आता पोरांना सांभाळ."

माझं उद्घाटनही झालं बरं का. फीत बांधली होती. पाहुणे फीत कापून फोटोसाठी माझ्यावर चढले आणि वर उभं राहून प्रगतीच्या जिन्यावर पाऊण तास बोलले. बोलून झाल्यावर त्यांनी पुढे जायला वाट शोधली. पुढे भिंत होती. "हा जातो कुठे?" त्यांनी हळूच विचारलं. "खाली, साहेब," काका म्हणाले. एवढंच माझ्या उद्घाटनातलं खरं बोलणं.

खोलीची मालकीण म्हणजे फिजिओताई. मुलांना उभं करायचं, चालवायचं, अडलेले हातपाय मोकळे करायचे, हे तिचं काम. आता हे काम बाहेरून कसं दिसतं ते सांगतो. ताई साबणाचे फुगे उडवतेय, बेडकासारखी उड्या मारतेय, जमिनीवर पालथी पडून कुणाशी तरी गाडीची शर्यत लावतेय. मोठे डॉक्टर दारातून डोकवायचे आणि म्हणायचे, "काय, खेळ चाललाय वाटतं." त्यांना काय ठाऊक, त्या एका फुग्यासाठी पोरानं सहा महिन्यांत पहिल्यांदा हात खांद्याच्या वर नेलेला असायचा. ताई नुसती हसायची. मला मात्र राग यायचा, अजूनही येतो.

ताईला एक खोड होती. ती सराईत खोटं बोलायची. "शेवटचं एकदा" हे वाक्य ती दिवसातून पन्नासदा म्हणायची आणि एकदाही ते शेवटचं नसायचं. सगळी पोरं फसायची. एकटी वकीलबाई तेवढी फसली नाही.

वकीलबाई म्हणजे आठ वर्षांची एक मुलगी. जन्मापासून तिची उजवी बाजू आखडलेली. उजव्या पायाला पाऊल सरळ धरणारा प्लास्टिकचा साचा, त्यावर एक नंबर मोठा बूट. डाव्या पायाचा आवाज टक्, उजव्याचा फस्. तोंड मात्र दोन्ही बाजूंनी चालायचं. पहिल्याच दिवशी तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "हा जिना कुठे जातो?"

"तुझ्या वर्गात," ताई म्हणाली.

"हा तर भिंतीत जातो."

"आधी चढ तर खरी."

भानगड अशी होती. दुसरीपर्यंतचे वर्ग शाळेत तळमजल्यावर, तिसरीचा वर सोळा पायऱ्यांवर. पोरगी दुसरीत पहिली आलेली. पण मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं होतं, की शाळा उघडेल त्या दिवशी ती आपली आपण वर चढली तर तिसरी, नाही तर पुन्हा दुसरी. उचलून आणलेलं चालणार नाही, पडली तर जबाबदारी कोणाची? तिसरीचा वर्ग खाली आणता येईल का, असं तिच्या बाबांनी विचारलं. त्यावर बाई म्हणाल्या, की खाली भूगोलाचे नकाशे ठेवलेत.

"म्हणजे नापास कोण झालं, मी की जिना?" वकीलबाईने ताईला विचारलं.

तिचे बाबा घरोघर पार्सलं पोचवायचे. दिवसभर लोकांचे जिने चढून ते संध्याकाळी लेकीला घ्यायला यायचे आणि दारातच हात पसरायचे. माणूस सोन्यासारखा, पण पोरगी जरा अडखळली की याने ती उचललीच. ताईने त्यांना चार वेळा समजावलं, पाचव्यांदा खुर्चीत बसवलं आणि हातात फुग्यांची बाटली दिली. "हात रिकामे राहिले की तुम्ही तिला उचलता. फुगे उडवा."

"पण पडली तर, मॅडम?"

"मी आहे ना मागे. पडू दे थोडी."

आणि मग सुरू झालं. चढताना शहाणा पाय आधी, उतरताना हट्टी पाय आधी, हा ताईचा नियम. शहाणा म्हणजे डावा, हट्टी म्हणजे उजवा. टक्, फस्, एक. टक्, फस्, दोन. वकीलबाई प्रत्येक पायरी मोठ्याने मोजायची, जणू मी एखादी चोरून ठेवीन. तिसऱ्या आठवड्यात ती हात न धरता, फक्त कठड्याला टेकून, माझ्या दोन्ही बाजूंनी चढली. मला काय वाटलं म्हणून सांगू. अकरा वर्षांत शेकडो पोरांना शिकवलं, पण या पोरीच्या वेळी मी फुगलो. म्हटलं, गुरू असावा तर असा.

त्याच दिवशी अधीक्षकसाहेब फॉर्म घेऊन आले. त्यांच्या खोलीत एक फळा होता, त्यावर 'ध्येयपूर्ती, ब्याण्णव टक्के' असं लिहिलेलं. ते त्र्याण्णव करायचं हे त्यांचं ध्येय. फॉर्मवर प्रश्न होता: जिना चढते का? होय किंवा नाही. कोणता जिना, हे विचारायला जागाच नव्हती. ताईने 'होय'वर खूण केली. खोटं नव्हतंच ते. फाईल बंद झाली, फळ्यावर त्र्याण्णव झालं.

चार दिवसांनी बाप-लेक परत आले. शाळेत रंगीत तालीम घ्यायला गेले होते. वकीलबाई माझ्याकडे न बघता निळ्या गादीवर जाऊन बसली.

"पहिल्याच पायरीवर अडकली," बाबा म्हणाले. "पाय वर पोचेचना. मुख्याध्यापिकाबाई बघत होत्या. मग मी उचलली."

"उचलायला नको होतं," पोरगी म्हणाली आणि रडली. वाद घालणारं मूल गप्प रडतं तेव्हा फार वाईट वाटतं.

ताईने विचारलं, "पायरी किती उंच आहे तिथे?" कुणाला माहीत नव्हतं. ती संध्याकाळी स्वतः टेप घेऊन शाळेत गेली. सकाळी आली ती थेट माझ्यासमोर जमिनीवर बसली. "साडेसात इंच," ती म्हणाली. "साडेसात. मी हिला सहा इंचांवर शिकवलं आणि होय लिहिलं. अकरा वर्षं इथे काम करतेय, पण पायरी मोजायला एकदाही गेले नाही."

ती मलाच म्हणत होती असं नाही, पण खोलीत दुसरं कोणी नव्हतं. माझी गुरुगिरी तिथेच उतरली. मी पोरांना जिना शिकवत नव्हतो, मी त्यांना मला शिकवत होतो.

तुम्ही म्हणाल, हॉस्पिटलात खरे जिने नाहीत का? आहेत की. प्रत्येकाच्या दाराशी पाटी आहे: रुग्णांना जिना वापरण्यास मनाई आहे, लिफ्टचा वापर करावा. पायांवर उपचार करणाऱ्या खोलीतून मुलं लिफ्टने घरी जातात.

शाळा उघडायला तेवीस दिवस उरले होते. माझी उंची वाढवायला उपकरण समितीची परवानगी लागणार होती आणि समिती तीन महिन्यांतून एकदा भरायची. ताईने अर्ज केला, अर्जाची पोच घेतली आणि पोच हातात धरूनच सुतारकाकांकडे गेली. काका निवृत्तीला आलेले, त्यांना कोणाचं भय नव्हतं. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत माझ्या उंच बाजूसाठी काढता-घालता येणाऱ्या तीन ठोकळेवजा फळ्या केल्या. पहिल्या पायरीवर दीड इंच, दुसरीवर तीन, सगळ्यात वर साडेचार. "सगळ्यांवर सारखीच जाड फळी बसवली तर नुसती पहिलीच पायरी वाढते," ते ताईला म्हणाले. "लोकांना वाटतं सुतारकाम म्हणजे खिळे ठोकणं."

खरं सांगतो, फळ्या बसल्या तेव्हा मला माझीच भीती वाटली. वकीलबाई समोर उभी राहिली. "हा तो जिना नाहीये," ती म्हणाली.

"हा शाळेचा आहे," ताई म्हणाली. "चढ. शेवटचं एकदा."

"काल पण शेवटचंच म्हणाली होतीस."

पहिले आठ दिवस ती पहिल्याच पायरीवर अडली. गुडघा वर यायचा, बुटाचं टोक कडेला अडकायचं, ती शिवी म्हणून मला 'भिंत' म्हणायची. बाबा खुर्चीत बसून फुगे उडवायचे, डोळे मिटून. नवव्या दिवशी टक् झालं. मग बराच वेळ काहीच नाही. मग फस्. बाबांनी डोळे उघडले, तर बाटलीतला साबण पँटवर सांडलेला.

शाळेला पाच दिवस उरले होते तेव्हा तपासणी पथक आलं. तिघेजण, गळ्यात ओळखपत्रं, हातात फायली. त्यांच्यामागे अधीक्षकसाहेब. वकीलबाई त्या वेळी दुसऱ्या पायरीवर होती.

"हे काय लावलंय?" पथकातल्या मोठ्या साहेबांनी विचारलं आणि टेप काढला. "नकाशात सहा आहे. हे साडेसात भरतंय. उपकरण प्रमाणाबाहेर आहे. मुलीला खाली उतरवा."

"थांबा जरा," ताई म्हणाली. "एकच पायरी राहिलीय."

"बाई, नियम..."

"काका, तुम्ही मधे बोलू नका, मी मोजतेय," वकीलबाई म्हणाली. साहेब खरंच एक पाऊल मागे सरकले. टक्. फस्. "तीन." वर उभं राहून तिने सगळ्यांकडे पाहिलं. टाळी फक्त बाबांनी वाजवली.

दुसऱ्या दिवशी ताईला नोटीस आली, कारणे दाखवा म्हणून. तिने एका ओळीत कारण दाखवलं: शाळेची पायरी साडेसात इंच आहे. त्या ओळीवर पुढे दोन मीटिंगा झाल्या म्हणतात, नव्या टेबलाशी. माझ्यावर मात्र 'निर्लेखित' असा कागद चिकटवून मला खोलीतून काढलं. निर्लेखित म्हणजे कागदोपत्री मेलेला. फळ्यांसकट मला नेऊन ठेवलं कुठे, तर हॉस्पिटलच्या खऱ्या जिन्याखाली. मोडक्या चाकखुर्च्या, फुटक्या बादल्या आणि मी. उरलेले चार दिवस पोरगी कशावर चढली, चढली की नाही, शाळेत काय झालं, हे मला कोण येऊन सांगणार? ज्याला काढून टाकलं त्याला कोणी निकाल कळवत नाही.

मी रोज डोक्यावरून जाणारे पाय ऐकायचो. डॉक्टर धावत जातात, नर्स थकून जातात, अधीक्षकसाहेब कधी जातच नाहीत. तीन महिने गेले. शेवटी मी स्वतःलाच समजावलं, दुसरीत बसली असेल. हुशार आहे, दुसरीतही पहिली येईल. पण मनाला काही ते पटेना.

मग परवा लिफ्ट बंद पडली. दुपारी वर पाय वाजले. एक जोडी बापाची, पार्सलवाल्याची, सवयीची. आणि बरोबर, टक्. फस्.

"बाबा, बाक माझाच आहे," आवाज आला. टक्, फस्. "वर्गातली एक मुलगी म्हणते की लवकर येऊन धरलेला बाक धरत नाहीत. का नाही धरत? मला वर यायला वेळ लागतो म्हणून मी दहा मिनिटं आधी निघते, मग मी आधी पोचते, मग खिडकीजवळचा बाक माझा." टक्, फस्. "आमच्या तिसरी ब मध्ये असा नियमच नाहीये."

"अगं, पाटी बघ, रुग्णांना मनाई आहे," बाबा म्हणाले.

"मी रुग्ण कुठे आहे? मी साचा दाखवायला आलेय."

अशी भांडत भांडत ती वर गेली. बावीस पायऱ्या. मी मोजल्या, तिने एकही मोजली नाही. तिचं लक्षच नव्हतं जिन्याकडे. मला कळेना हसावं की रडावं. लाकडाला दोन्ही येत नाही, म्हणून मी नुसता करकरलो आणि शेजारची बादली दचकली.

आज सकाळी भंगारवाला येऊन गेला. उद्या टेम्पो घेऊन येणार. जाण्याआधी तुमच्याकडे एकच मागणं आहे. कोणाला काही शिकवाल, आणि चांगलंच शिकवाल, पण त्याला पुढे कोणती पायरी चढायची आहे ती आधी जाऊन मोजा. टेप फार महाग नसतो. आणि कुणाला जमलं तर माझ्या या तीन फळ्या तेवढ्या ताईला नेऊन द्या. तिच्या खोलीत आता माझ्यासारखाच नवा जिना आलाय म्हणे, सहा इंचांचा.

सकाळी भंगारवाल्याने मला गोल फिरून पाहिलं, मग तो चार पायऱ्या चढला, तीन उतरला आणि वॉचमनला म्हणाला, "काय राव, हा जिना जातो तरी कुठे?"

वॉचमनला माहीत नव्हतं. मला माहीत आहे. तिसरी ब, खिडकीजवळचा बाक.