दोनशे चौदा जन्मतिथी

“नलू, एकाच दिवशी दोनशे चौदा बाळंतिणी बघायच्या, तर मी जित्ती राहिले असते का गं?”

मैनाबाईंनी हे इतक्या सहज विचारलं, की नलूला आधी काही उमगलंच नाही. त्यांच्या हातात नव्या संगणकातून नुकताच छापून निघालेला जन्माचा दाखला होता. पोराला शाळेत घालायचं म्हणून तो न्यायला आलेली जिवली समोर बाकावर बसली होती. दाखल्यावर तारीख होती एक जून. मैनाबाईंनी पडद्यावर नजर फिरवली. तिथंही एक जून, त्याच्या खाली एक जून, त्याच्याही खाली तेच. वर्षं तेवढी वेगळी.

नलू त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बोईसरच्या एका कारखान्यात संगणकावर कामाला. आणि मावशी बोईसरहून आत, डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवरच्या या ट्रस्टच्या दवाखान्यात सत्तावीस वर्षं नर्स. उद्या, एकतीस मे अठ्ठ्याण्णवला, ती निवृत्त व्हायची होती. पण उद्या रविवार, म्हणजे शेवटचा दिवस आजचाच. नेमका याच आठवड्यात दवाखान्याला नवा संगणक आला. जुना न्यायला टेम्पोवाला रामकिसन चारला येणार होता. त्याच्या आत जुन्यातल्या जन्मनोंदी नव्यात घालायच्या, एवढ्यासाठी मावशीने भाचीला आजच्या दिवसापुरतं मागून घेतलं होतं.

त्या नोंदी म्हणजे मावशीचं व्रतच. डोंगरातली बाळंतपणं घरच्या घरी व्हायची. सुईण नाळ कापायची, आणि मैनाबाई पायपीट करत आठ-दहा दिवसांनी पोचायच्या. बाळ कधी झालं ते आई सांगेल तसं टिपून आणायचं आणि संगणकावर दोन बोटांनी, इंग्रजी अक्षरांत मराठी जुळवत लिहायचं. जिवलीच्या पोराची ओळ होती, ‘वाघबारशीच्या दुसऱ्या दिवशी, ऊन डोक्यावर,’ म्हणजे दिवाळीच्या तोंडावर, भर दुपारी. दुसऱ्या एकाची, ‘होळी पेटली त्याच्या पाचव्या रोजी, कोंबडा आरवायच्या आधी.’

नलूने ते सगळं फ्लॉपीवर घेतलं आणि नव्यात ओतलं. बाळांची नावं आली, आयांची आली, पाडे आले, सालं आली. तारखेचा रकाना मात्र कोरा. नवा प्रोग्राम आकड्यांवाचून काही घेईना, आणि मावशीच्या रकान्यात आकडा औषधालाही नव्हता. मग नलूने तेच केलं, जे शाळेतले मास्तर पिढ्यान्‌पिढ्या करत आले: तारीख ठाऊक नाही ना, लावा एक जून. दोन मिनिटांत रकाना भरला. मावशी पाठ थोपटेल असं तिला वाटलं होतं.

आता नलू म्हणाली, की सगळीकडे असंच चालतं, शाळेलाही कागदावर तारीख दिसली की पुरे होतं. मैनाबाई रागावल्या नाहीत. स्टूल ओढून तिच्या शेजारी बसल्या.

“एकादशीला माझ्यासंगं कीर्तनाला येतीस ना? रामजन्म सांगताना बुवा काय म्हणतात? चैत्र शुद्ध नवमी, भर दुपार, सूर्य माथ्यावर. किसनदेवाची श्रावण वद्य अष्टमी, मध्यरात्र. देव कवातरी जन्मला, असं कोणी बुवा सांगत नाही. मग जिवलीच्या पोरानं काय घोडं मारलंय?”

“पण मावशी, दोनशे चौदा तारखा काढणार कोण? आणि कधी?”

“आपण. आत्ता. उद्यापासनं या ओळींचा अर्थ सांगणारं हितं कोण हाय?”

मैनाबाईंनी औषधांच्या कपाटातून एक गाठोडं काढलं. आत पंचांगं होती. दर पाडव्याला देवळातले बुवा नवं पंचांग आणत आणि गेल्या वर्षाचं यांना देऊन टाकत.

मग दोन्ही संगणक शेजारीशेजारी लागले. जुन्यावरची ओळ मैनाबाई मोठ्याने वाचत, पंचांगाच्या पानावर बोट फिरवत, तारीख सांगत. नलू ती नव्यात घाली. वाचायची त्यांची तऱ्हाही कीर्तनातलीच. तिथी आली की सूर जरा लांबायचा, पाड्याचं नाव आलं की खाली यायचा. एका ओळीशी मात्र त्या अडल्या. नवसीच्या मुलीपुढे फक्त ‘वीटभट्टीला निघताना’ एवढंच होतं. नवसीच्याच पाड्यावरची बुधी ओसरीवर औषधासाठी बसली होती, तिला त्यांनी हाक मारली. बुधी दारातूनच म्हणाली, “दिवाळी होऊन गेलेली, बाय. आमी पाट्या भरल्या आन नवसीला कळा आल्या. वर चांद अर्धा होता.”

“वाढता का उतरता?”

“वाढता. सांजंलाच डोक्यावर होता.”

कार्तिक शुद्ध अष्टमी. नलूने तारीख घातली. कारखान्यात ती दिवसाला हजार आकडे भरी, पण एका आकड्यामागे कुणाच्या डोक्यावर चांद असतो, हे तिला कोणी दाखवलं नव्हतं. पुढची ओळ तिने आपणहून मागितली.

चारला रामकिसन आला, घड्याळ दाखवून कुरकुरला. मैनाबाईंनी त्याला चहा दिला आणि त्याची स्वतःची जन्मवेळ विचारली. तो गावाकडची गोष्ट सांगत बसला आणि घड्याळ विसरला. साडेसहाला शेवटची ओळ संपली. जिवलीचा दाखला पुन्हा छापला. आता त्यावर चार नोव्हेंबर होती.

जिवलीने कागदावरून हात फिरवला. “वाघबारस लिवलीय का, बाय?”

“लिवलीय. सरकारला कळंल अशा भाषेत लिवलीय.”

जिवली हसली आणि दाखला पदरात गुंडाळून निघाली. रामकिसनने जुना संगणक उचलून टेम्पोत ठेवला. नव्यात एकच पान उरलं होतं, दवाखान्यातल्या माणसांचं. नलूने मावशीचं नाव घातलं, हुद्दा घातला.

“मावशी, तुझी जन्मतारीख?”

“एक जून, एकोणीसशे चाळीस.”

नलूची बोटं थांबली. “आणि खरी?”

मैनाबाई गाठोड्याला गाठ मारत होत्या. “आई सांगायची, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. एक्केचाळीसची संक्रांत. शाळेत घातलं तवा गुरुजींनी जून लावला.”

नलूने मनात महिने मोजले. सात, वर थोडे. कागदावर खरी तारीख असती, तर एवढे दिवस मावशी अजून या दवाखान्यात असती. “तुझीपण खरी घालू? हा पण खोटाच जून आहे.”

“नको. माझ्या सगळ्या कागदांवर हीच हाय. कागदाला कागद जुळाया पायजे.” गाठोडं त्यांनी कपाटात जागेवर ठेवलं. “हे नव्या नर्सबाईला लागंल.”

नलूने एक जून घातला. मान वर केली तेव्हा मैनाबाई ओसरीवरच्या फळ्यापाशी उभ्या होत्या. सोमवारी लसीला येणाऱ्या बाळांची नावं त्या खडूने लिहीत होत्या आणि प्रत्येक नावापुढे जन्मतिथी. सात नावं झाली. मग खडूचे हात पदराला पुसून त्या पायऱ्या उतरल्या.