ओराचा चौथा भाग

रविवारी दुपारची पंगत उठली तशी मनकर्णाने तवा उतरवला, हात धुतले आणि ती लुगडं बदलायला मागच्या खोलीत गेली. ती निळ्या काठाचं नेसून बाहेर आली तेव्हा जेवणघरात रेंगाळलेल्या मुली एकमेकींकडे पाहून हसल्या. अकरावीतली कविता ताट विसळता विसळता म्हणाली, "मावशी, आज तर एकदम शादीवाली तयारी. कोण येऊन राहिलं?"

"रोहिणी येऊन राहिली. देडतलाईची. तुमच्या आधी होती इथं."

कविताला रोहिणी माहीत असायचं कारण नव्हतं. राजपुऱ्यातल्या त्या वसतिगृहात मुली नववीत येत, बारावी झाली की जात. जाताना रडत, गळ्यात पडत, "मावशी, तुझी भाजी आठवेल" म्हणत. मग दुसऱ्या मुली येत. मनकर्णाचा नवरा लूमवर कापड विणायचा, तो जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. शाहपुरात एक पुतण्या होता, तो दिवाळीला ये म्हणायचा आणि ती गेली नाही तरी पुन्हा विचारायचा नाही. स्वयंपाकघरामागची खोली हेच तिचं घर.

संध्याकाळची कणीक तिने आज लवकरच मळून झाकून ठेवली होती. भाजीही चिरून ठेवली. एवढं केलं म्हणजे दुपार मोकळी. मग तिने पत्र्याची पेटी उघडली आणि तळातून जुन्या चोळखणात बांधलेलं पुस्तक काढलं. वरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून फाडलेलं नव्हतं. ते तिने पाटावर ठेवलं आणि शेजारी बसून राहिली.

रोहिणी पहिल्यांदा वसतिगृहात आली तेव्हा वाळलेल्या शेंगेसारखी होती. घराची फार आठवण यायची तिला. बाकीच्या मुली खेळायला गेल्या की ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसायची, मांडीवर जाडजूड पुस्तक घेऊन. शाळेच्या ग्रंथालयात इंग्रजीतून हिंदीत केलेली तसली पुस्तकं आली होती आणि रोहिणीखेरीज कुणी त्यांना हात लावत नव्हतं. एके दिवशी पोळ्या लाटता लाटता मनकर्णाने विचारलं, काय आहे एवढं त्याच्यात. रोहिणीने मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

एक शहर होतं. त्याला चारी बाजूंनी भिंत. तिथे मूल सोळा वर्षांचं झालं की सरकार त्याची सावली कापून घ्यायचं आणि एका मनोऱ्यात कोंडून ठेवायचं. सावली गेली की माणूस सांगेल ते ऐकायचा. ओरा नावाच्या मुलीने आपली सावली लपवून ठेवली होती. तिची सावली बोलायची. शिवाय एक मुलगा होता, अंधार पडला की त्याचा लांडगा व्हायचा.

मनकर्णाला यातलं काहीच अवघड वाटलं नाही. सावली जमा केल्यावर पावती देतात का, एवढंच तिने विचारलं. आणि तो लांडगा होणारा मुलगा तिला पसंत नव्हता. "त्याच्या घरी आई आहे की नाही? रात्रीचा फिरते, खाते काय?" रोहिणी हसून लोळायची. म्हणायची, मावशी, तो हीरो आहे. मनकर्णा म्हणायची, असू दे हीरो, पोरीच्या जातीनं याच्यामागं जंगलात जाऊ नये.

अक्षरओळखही त्यातूनच झाली. ओरा भिंतीच्या फटीत शिरली, मागून पहारेकरी आले, आणि नेमकी तिथे रोहिणी थांबली. पुस्तक तिच्यापुढे धरून म्हणाली, पुढची ओळ तू वाच. तेव्हा मनकर्णा पन्नाशीच्या पुढे होती, पगाराला अंगठा लावत होती.

"मले कुठं येते वं वाचता?"

"मग नको. राहू दे ओराला भिंतीत."

ओरा आठवडाभर भिंतीत राहिली. मनकर्णाला चैन पडेना. तेलाच्या डब्यावरचं, मिठाच्या पुडीवरचं, मुलींच्या दप्तरांवरचं एकेक अक्षर ती पकडून आणायची आणि रोहिणीला विचारायची. शेवटी तिनेच ती ओळ वाचली, बोट ठेवून, घाम पुसत. ओरा सुटली. पहिला भाग संपेपर्यंत ती शब्द लावू लागली आणि तिसऱ्या भागात एखादं पान न अडखळता वाचू लागली. मुली म्हणायच्या, मावशीने पोथी लावलीय.

तिसऱ्या भागाच्या शेवटी ओराची सावली पकडली जाते. ओरा मनोऱ्याच्या पायरीवर उभी असते आणि पुस्तक संपतं. चौथा, शेवटचा भाग तेव्हा हिंदीत आलाच नव्हता. रोहिणीची बारावी झाली, ट्रंक बांधून झाली, बाप बाहेर जीप घेऊन उभा होता. जाता जाता ती स्वयंपाकघरात आली आणि तिने गळ्याला चिमटी लावली.

"विद्या कसम, मावशी. चौथा भाग एकमेकींशिवाय नाही वाचायचा. जो तोडेल त्याची विद्या जाईल. तू पण घे."

असली शपथ तिथल्या मुली दिवसातून दहादा घेत. रिबीन कुणी घेतली, दुधावरची साय कुणी खाल्ली, सगळ्याला विद्या कसम. पण मनकर्णाची विद्या नवीकोरी होती आणि तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं. तिने पिठाचा हात पुसला आणि गळ्याला चिमटी लावली.

रोहिणी इंदूरला नर्सिंगला गेली. आधी दर रविवारी फोन यायचा, मग सणासुदीला, मग मनकर्णाने केला तर. दरम्यान वॉर्डन ज्योत्स्ना मॅडम खंडव्याला निघाल्या होत्या, त्यांना सांगून तिने चौथा भाग मागवला. मॅडमनी हसत हसत आणून दिला. तेव्हापासून तो पेटीत होता. वर तोंड करून ठेवला की पेटी उघडताना मुखपृष्ठावरच्या ओळींवर नजर पडायची, आणि वाचता येऊ लागल्यावर डोळ्याला थांबवता येत नाही, तो आपणच वाचतो. म्हणून तिने तो चोळखणात बांधला. कविताने एकदा मागितला तेव्हा सरळ नाही म्हणाली. मागचे तीन भाग ग्रंथालयाने कधी परत मागितलेच नाहीत, ते मात्र तिने एकटीने पुन्हा पुन्हा वाचले. ओराबद्दल बोलायला कुणी नव्हतं. मुलींकडे आता मोबाइल होते. संध्याकाळी भांडी आवरली की ती तिसऱ्या भागाचं शेवटचं पान काढायची आणि ओराला त्या पायरीवर उभी पाहून पुस्तक मिटायची.

चारच्या सुमाराला फाटकाबाहेर मोटारसायकल थांबली. मनकर्णाने घाईघाईने पुस्तकावर चोळखण टाकला आणि बाहेर आली. रोहिणी अंगाने भरली होती, केस कापले होते, मनगटावर घड्याळ होतं. "मावशी," म्हणत तिने मिठी मारली. तिच्या हातात मावा जिलेबीचा पुडा होता आणि पर्समध्ये लग्नाची पत्रिका. फाटकापाशी उभा होता तो तिचा होणारा नवरा मोहित, पिथमपूरला कारखान्यात होता. पुरुषांना आत यायची परवानगी नव्हती, म्हणून तो तिथूनच हात जोडून हसला.

"त्याले पाणी तरी देऊ दे," मनकर्णा म्हणाली.

"रहने दे, आत्ताच पिऊन आलो. आम्हाला अंधाराच्या आत देडतलाईला पोहोचायचंय, तिकडे सगळे वाट पाहत असतील. मी फक्त पाच मिनिटं आली."

पाच मिनिटं. मनकर्णाने मान हलवली आणि तिला खोलीत पाटाशेजारी नेऊन बसवलं. रोहिणी भराभर बोलत होती. पुढच्या महिन्यात शेवटची परीक्षा, लगेच लग्न, मग पिथमपूरलाच कुठल्या दवाखान्यात नोकरी बघायची. सासू चांगली आहे, थोडी बोलते. बोलताना ती दारातून स्वयंपाकघर पाहत होती आणि हे सगळं किती छोटं आहे म्हणत होती. मनकर्णा हं हं करत ऐकत होती. निदान पहिला धडा तरी, असं तिच्या मनात चाललं होतं. मोटारसायकल थोडी उशिरा निघाली तर काय बिघडतं. पण एकदम कसं काढायचं, म्हणून तिने वळसा घेतला. म्हणाली, ते ओराचं पुस्तक आठवते का तुले.

"अरे हां," रोहिणी हसली. "सावलीवाली! मावशी, तुला अजून याद आहे? किती पागल होतो ना आपण. मी तर बघून टाकलं त्याचं शेवटी काय होतं ते. फर्स्ट इयरला, मोबाइलवर. पूर्ण पुस्तक कोण वाचणार, तिथे थोडक्यात लिहिलेलं असतं. ओरा मरते."

मनकर्णाचा हात पाटावरच्या चोळखणावर होता. तो तिने तिथेच ठेवला.

"मरते का," ती म्हणाली.

"हो ना. मनोऱ्यात. सगळ्यांना वाचवून."

"आणि तिची सावली?"

रोहिणीने खरंच आठवायचा प्रयत्न केला. "सावली... मालूम नाही गं. काहीतरी लिहिलं होतं. मी विसरली." मग तिने घड्याळ पाहिलं आणि पर्स उचलली. म्हणाली, आशीर्वाद दे मावशी, या वेळेला सगळे पेपर निघू दे. मागे एक राहिला होता, घरी काय काय ऐकावं लागलं.

मनकर्णाने तिचा हात धरला. "कधी राहिला होता?"

"सेकंड इयरला. का?"

"पुस्तकाचं त्याच्या आधी पाहिलं होतं ना?"

"हो, फर्स्ट इयरला म्हटलं ना. का गं?"

"काही नाही. सहज."

रोहिणीने वाकून पाय धरले. मनकर्णाने तिच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि जरा जास्तच वेळ ठेवले. तोंडाने म्हणाली, निघतील सारे पेपर, घोर नको लावून घेऊ. शपथेचं तिने काढलं नाही. मुलीला काहीच आठवत नव्हतं आणि परीक्षा महिन्यावर आली होती. अशा वेळी तिच्या मनात ते घालायचं म्हणजे बरं नव्हे.

फाटकापर्यंत ती पोहोचवायला गेली. मोहितने गाडी सुरू केली, रोहिणी मागे बसली, ओढणी आवरली. "लग्नाला यायचं मावशी, पक्कं," ती म्हणाली. मनकर्णा म्हणाली, येईन की. गाडी गावच्या जुन्या दरवाजाच्या कमानीतून वळून दिसेनाशी झाली. फाटकावर कविता उभी होती, तिने विचारलं, एवढ्यात गेली दीदी? मनकर्णाने तिच्या हातात मावा जिलेबीचा पुडा दिला, सगळ्या मिळून खा म्हणाली आणि आत आली.

खोलीत येऊन ती पाटाशी बसली. ओरा मेल्याचं तिला वाईट वाटत होतं, पण ते मागे कुठेतरी होतं. पुढे उभा होता तो राहिलेला पेपर. शपथ दोघींची होती आणि पोरीने मोडली होती. चेष्टेत मोडली, विसरून मोडली, पण मोडली. तिची विद्या तर दवाखान्याची. सुई कुठे टोचायची, औषध किती द्यायचं. ती गेली तर पोरीच्या हातात काय राहणार?

तिने पुष्कळ विचार केला. घरात लहान-मोठ्याने मिळून काही सांडलं तर बोलणी मोठ्याला बसतात. धाकट्याला कुणी विचारत नाही. शपथ घेताना ती मोठी होती. आता तिनेही मोडली, तर दोष मोठीकडे येईल. विद्येची देवी आधी मोठीला विचारेल.

याचा अर्थ काय होतो ते तिला कळत होतं. तिने उठून दार लोटलं. तोंड धुतलं. पेटीतले तिन्ही भाग काढून त्यांना हात लावला, पुन्हा ठेवून दिले. जन्मभर जे नव्हतं ते काही वर्षं मिळालं. मिठाची पुडी वाचता आली, मतदानाच्या चिठ्ठीवरचं स्वतःचं नाव वाचता आलं, एका मुलीची गोष्ट वाचता आली. गेलं तर गेलं.

तिने गळ्याला हात लावला आणि म्हणाली, "पोरीचं काही धरू नको. मी वाचून राहिली."

मग तिने नखाने प्लॅस्टिक फाडलं. पुस्तकाला नव्या कागदाचा वास होता. पहिली दोन कोरी पानं तिने हळू उलटली. तिसऱ्या पानावर ओळी होत्या. क्षणभर त्या नुसत्या काळ्या रेघा दिसल्या. तिने डोळे पुसले. बोट पहिल्या शब्दाखाली ठेवलं, खूप पूर्वीसारखं, आणि ओठ हलवले.

ओरा मनोऱ्याच्या पायरीवर उभी होती. वारा सुटला होता. तिने केस मागे बांधले आणि वर पाहिलं.

अक्षरं कुठे गेली नव्हती. मनकर्णाने तेच वाक्य पुन्हा वाचलं, मग सावकाश पुढचं. ओरा भुकेली होती. खिशात ब्रेडचा एक तुकडा होता, तो तिने अर्धा खाल्ला आणि अर्धा उद्यासाठी जपून ठेवला.

बाहेर मुलींचा गलका चालू होता. संध्याकाळच्या पोळ्यांना अजून वेळ होता. पान संपलं तरी मनकर्णाने ते उलटलं नाही. त्या अर्ध्या तुकड्यापाशी बोट ठेवून ती बराच वेळ ओराजवळ बसून राहिली.