उभं राहण्यापुरतं छत

मित्रांनो, निवांत पडून राहणं माझ्या स्वभावातच नाही. मी एक जुना हातविंच आहे, म्हणजे दांडा फिरवून जड वस्तू वर ओढायचं लोखंडी यंत्र. दांडा फिरला की माझ्या रिळावर तारेचा दोर गुंडाळला जातो. मध्येच हात थांबला तरी ओझं खाली येऊ नये म्हणून माझ्या दातेरी चाकात एक खटका अडकतो. टक्, टक्, टक्. हा आवाज बंद झाला की मला करमेनासं होतं.

माझी उमेदीची वर्षं सेलूच्या डोमाजींकडे गेली. बोरमधले बिघडलेले पंप वर काढायचं त्यांचं काम. आज हिंगणी, उद्या आणखी कुठलं गाव, आमचा पाय घरात ठरत नसे. मला तिपाईला टांगलं की शेतकरी म्हणत, "डोमाजीचा विंच आला, आता पाणी येतेच!" हे ऐकून मी फुगून जायचो. पुढे मोटरवर चालणाऱ्या क्रेन आल्या आणि माझी रवानगी गोठ्यामागे झाली. कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या. अंगाला गंज चढत होता, पण खरं सांगू का, रिकामपण मला त्याहून जास्त खात होतं.

तिथून मला उचललं पिपरी मेघेच्या हिरालालजींनी. विजेच्या खांबांवर उभा जन्म घालवून ते नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांच्या पत्नी गोपिकाबाईंच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि वाकायचं नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला सगळी वस्ती नागपूरला जायची, तेव्हा त्या एकट्या घरी राहायच्या. बसचे हादरे सोसत नसत आणि मंडपात जमिनीवर निजणं शक्य नव्हतं. पूर्वी दरवर्षी पांढरीशुभ्र साडी नेसून जाणारी ही बाई आता जाण्याचं नावही काढत नव्हती. हिरालालजींना तेच सहन होत नव्हतं.

म्हणून त्यांनी एक जुना मालवाहू टेम्पो घेतला आणि त्यावर चाकावरचं घर बांधायला काढलं. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, म्हणजे पाठ दुखली की हवं तिथं थांबून आडवं होता येईल. अडचण एकच होती, उंचीची. गाडी उभी करायची पत्र्याची शेड ठेंगणी, शिवाय उंच डबा रस्त्यावर वाऱ्यानं डोलतो. म्हणजे चालताना छत खाली हवं आणि थांबल्यावर वर.

"माह्यासाठी काऊन एवढी खटपट?" गोपिकाबाई म्हणाल्या. "मले वाकता येत नाई. त्या डब्यात मी शिरू कशी?"

"तू वाकूच नको. छतच वर करतो न तुह्यासाठी," हिरालालजी म्हणाले.

चारही कोपऱ्यांत एका चौकोनी नळीत दुसरी बारीक नळी बसवली. आतली नळी वर सरकली की छत वर, आणि मधल्या जागेत ताडपत्रीच्या भिंती. चार कोपऱ्यांचे चार दोर सरळ माझ्या रिळावर आणले. दांडा फिरला आणि छत तिरपी टोपी घातल्यासारखं एका अंगाला कललं ते तिथंच अडकलं. हिरालालजी माझ्यावरच उखडले. "हा जुनाट विंचच बेकार आहे!" मला फार लागलं ते.

त्यांची मुलगी अंकिता नागपूरला यंत्रांचे आराखडे काढायची नोकरी करते. रविवारी ती आली, टेम्पोखाली शिरली आणि हसत बाहेर आली. "बाबा, विंचले काऊन शिव्या देता? चारही दोर एकमेकांवर चढून राह्यले. कोणी जास्त गुंडाळते, कोणी कमी." तिनं चारही दोर एका लोखंडी पट्टीला सारख्या लांबीत बांधले आणि त्या पट्टीला ओढायला माझा एकच दोर ठेवला. आता पट्टी सरकली की चारही कोपरे बरोबर उठत. गोपिकाबाईंनी दारातून पाहिलं, पण आत काही आल्या नाहीत. "पाहू, रस्त्यात टिकलं तर," एवढंच म्हणाल्या.

निघायचा दिवस उजाडला. आमच्या वस्तीत कोणाची गाडी रिकामी जाऊ देत नाहीत, आणि गाडीला छत असेल तर ते सामानासाठीच असतं असं सगळे धरून चालतात. भोजनदानाच्या तांदळाची पोती आली, गाद्या आल्या, स्वयंपाकाचे मोठमोठे गंज, म्हणजे पातेली, आली. हिरालालजींच्या तोंडून 'नाही' निघेना. सगळं वर चढलं, दोऱ्या आवळल्या गेल्या.

सेलूच्या पुढे गोपिकाबाईंची पाठ ठणकू लागली. "थांबवा जरा. मले आत जाऊन पाठ टेकू द्या." सामान उतरवायला माणसं नव्हती. हिरालालजींनी तसाच दांडा धरला. छत डोक्याइतकं वर आलं तशा गोपिकाबाई सरळ आत शिरल्या. आणखी थोडं वर जाणार, तोच माझा झिजलेला दात खटक्यातून निसटला आणि छत हातभर खाली आलं. ते त्यांच्या डोक्याला टेकलं. त्यांना वाकता येईना, हिरालालजींना दांडा सोडता येईना. मित्रांनो, मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. पुढच्या दातावर खटका कसाबसा धरून होतो.

"कोणी या वो!" हिरालालजी ओरडले.

नागपूरलाच निघालेली एक पिकअप थांबली. तानबा नावाचा धिप्पाड गडी उतरला. "काऊन बोंबलून राह्यले, दादा?"

"वर सामान आहे, खाली बाई आहे!"

पिकअपमधल्या साऱ्यांनी छताला हात लावले, तानबा वर चढला आणि पोती भराभर खाली आली. माझ्यावरचा ताण उतरला. गोपिकाबाई बाहेर आल्या. हिरालालजींनी दांडा सोडला. "चाल, घरी चाल. होत नाई माह्यानं."

"घरी काऊन?" गोपिकाबाई कडाडल्या. "तुम्हाले वस्तीले नाई म्हनता येत नाई, त्याची सजा मले काऊन?"

आणि त्यांनी स्वतः माझा दांडा धरला. तो कमरेच्या उंचीवर होता, वाकायची गरजच नव्हती. टक्, टक्, टक्. रिकामं छत सहज, सरळ वर गेलं. त्या आत जाऊन उभ्या राहिल्या आणि डोक्यावर हात उंचावून हसल्या. वस्तीचं सामान तानबाच्या पिकअपमधून गेलं.

दुसऱ्या दिवशी नागपुरात त्या छताखाली ताठ उभं राहून त्यांनी पांढरी साडी नेसली. बसून काही साडी नेसता येत नाही. निऱ्या एकसारख्या करून खोचल्या आणि त्या पायऱ्या उतरून गर्दीकडे चालू लागल्या. मला झालेला आनंद सांगता येणार नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना 'पुरे' म्हणता येत नाही. आमचे दात झिजलेत का ते अधूनमधून पाहा, थोडं ग्रीस द्या. आणि आमच्यावर ओझं चढवताना त्याच्या खाली कोण उभं राहणार आहे, तेही विचारा. हिरालालजींनी आता माझं दातेरी चाक नवं बसवलंय.

परतीच्या दिवशी वस्तीतल्या बायका गाद्यांच्या वळकट्या घेऊन आल्याच. "गोपिकाबाई, हे वर टाकू काय?"

हिरालालजी इकडेतिकडे पाहू लागले. गोपिकाबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मांडीवर घेऊन बसा," त्या म्हणाल्या. "त्या छताखाली मले उभं राहाचं आहे."