धुतलेली बशी

क्लुस्का मांजरीने पाणी पिणं सोडलं, तेव्हापासून त्या घरात मायलेकींचं धड बोलणं होत नव्हतं.

घर रादोम शहरातल्या एका जुन्या इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर. याद्विगा नवऱ्याच्या मागे लेकीकडे राहायला आली होती. लेक मालविना पोस्टात नोकरीला, आणि मांजरी मालविनाची. क्लुस्का म्हणजे तिकडच्या भाषेत कणकेचा उकडलेला गोळा. नाव ठेवलं तेव्हा ती होतीही तशीच, पांढरी आणि गोल. आता तिच्या पाठीचा कणा हाताला लागे. कानामागे खाजवून खाजवून कातडी सोलवटली होती, आणि खाल्लेलं निम्म्याहून जास्त उलटून पडे.

डॉक्टर सोब्चिक म्हणून एक शांत बाई तिच्यावर उपचार करीत होत्या. त्यांचं म्हणणं, हिला अन्नाची अ‍ॅलर्जी आहे, बहुधा कोंबडीची. खात्री करायची तर काही आठवडे हिच्या पोटात सशाच्या मांसाशिवाय काहीही जाता कामा नये. दुसरं काही नुसतं चाटलं तरी सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागेल.

म्हणून मालविना कामावर जायच्या आधी सशाचं मांस कोमट पाण्यात पातळ कालवायची आणि बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या कडेने थोडं थोडं तोंडात सोडायची. मध्ये थांबून गिळू द्यायची, म्हणजे ठसका लागत नाही. क्लुस्का मान फिरवायची. बरंचसं मालविनाच्या बाहीवर सांडायचं.

"असा छळ करतात का आजारी जिवाचा?" याद्विगा दारातून म्हणायची.

"आई, तू बघू नकोस."

"बघू नकोस, देऊ नकोस, हात लावू नकोस. मग मी करू तरी काय?"

"काही करू नकोस. तेवढंच कर."

हे याद्विगाला फार लागे. उमेदीची सगळी वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात घालवली होती. तिच्या टेबलावरून एकही मूल अर्धपोटी उठलं नव्हतं. जेवायला नाही म्हणणाऱ्या पोरांना तिने गोष्टी सांगून, दटावून, प्रसंगी नाक दाबून भरवलं होतं. आणि आता तिच्या लेकीच्या घरात एक जीव डोळ्यांदेखत वाळत होता आणि तिला म्हणे हात बांधून बसायचं.

रविवारी ती कोंबडीचं सूप करायची. त्या इमारतीत रविवारी कुणाच्याही दारावरून जा, तोच वास. गाजर, सेलरीचा कंद, आणि गॅसच्या ज्योतीवर काळा होईतो भाजलेला कांदा. तो घातल्याशिवाय सूपाला सोनेरी रंग येत नाही. मालविनाला गोवर आला तेव्हा याद्विगाने तिला हेच पाजलं होतं, नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांत त्यालाही हेच.

सोमवारी मालविना कामावर गेल्यावर याद्विगाने उरलेलं सूप कोमट केलं आणि निळ्या काठाच्या बशीत ओतून क्लुस्कापुढे ठेवलं. मांजरीने हुंगलं. मग तिची जीभ बाहेर आली आणि बशी रिकामी झाली.

याद्विगाचे डोळे भरून आले. "थोडंसंच हं," ती पुटपुटली. "थोड्याशाने काय होतंय?"

मग तिने बशी घासली, पुसली आणि होती तिथे ठेवून दिली.

संध्याकाळी मालविनाने क्लुस्काच्या मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडली. अंगात पाणी कमी असलं की ती तशीच उभी राहते. आज ती चटकन बसली.

"आई, पाणी टिकतंय हिच्या अंगात. लागू पडतंय."

आणि तिने आईच्या गालाचा मुका घेतला. कितीतरी दिवसांनी. आता ते सूप बंद करायला याद्विगाचं मन होईना. मालविनाची पाठ वळली की बशी निघायची. मालविना यायच्या आत ती धुऊन जागेवर असायची.

मग खाज वाढली. उलट्या वाढल्या. मायलेकी मांजरीची टोपली घेऊन दवाखान्यात गेल्या.

"सशाशिवाय काही गेलंय का पोटात?" डॉक्टर सोब्चिकनी विचारलं. "एखादा तुकडा, दूध, कुणा शेजाऱ्याने काही?"

"काही नाही," मालविना म्हणाली. "मी स्वतः भरवते."

डॉक्टरांनी याद्विगाकडे पाहिलं. याद्विगा खिडकीबाहेर बघत होती. रस्त्यावर बर्फाचा चिखल झाला होता.

"मग ससाही हिला चालत नाही असं धरावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी मानेच्या कातडीखाली सलाइन दिलं, अन्न बदलून दिलं. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

घरी येताना याद्विगाला वाटलं, सांगून टाकावं. पण टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या मालविनाचा चेहरा पाहिला आणि तिने नुसतीच टोपलीची कडी तपासली. आणि दुसऱ्या दिवशी क्लुस्काने नवं अन्न तोंडात घेतलं नाही, तेव्हा तिने पुन्हा सूप कोमट केलं.

पुढच्या आठवड्यात क्लुस्का उठेनाशी झाली. मालविनाने तिचा ओठ उचलला तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. लघवी कोऱ्या चहासारखी तपकिरी. पोस्टात बदलीचा माणूस न बघताच सुटी टाकून ती तिला टोपलीत घालून दवाखान्यात धावली. याद्विगा मागोमाग.

रक्त तपासून डॉक्टर बाहेर आल्या.

"हिच्या तांबड्या पेशी फुटताहेत. मांजरांत हे कांद्याने होतं. कच्चा असो, भाजलेला असो, नुसता त्याचा अर्क उतरलेला असो. रोज थोडा थोडा गेला तरी साठत जातो."

"कांदा?" मालविना म्हणाली. "आमच्याकडे हिला कांदा कोण घालणार?"

याद्विगा भिंतीलगतच्या बाकावर बसली.

"सूप," ती म्हणाली. "मी देत होते. रविवारचं सूप."

मालविनाने पाठ फिरवली. ती आत क्लुस्काजवळ गेली आणि दार लोटून घेतलं.

डॉक्टर बाकावर शेजारी बसल्या. "मालविनाला बशी कधीच दिसली नाही?"

"धुऊन ठेवायचे."

"का धुवायचात?"

याद्विगाने लोटलेल्या दाराकडे पाहिलं. अखेर म्हणाली, "ती रागावली असती."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"कांद्याचं नव्हतं हो ठाऊक. देवाशपथ नव्हतं."

"कांद्याचं नव्हतं. पुष्कळांना नसतं. ते मी तुमच्या माथी मारणार नाही. पण द्यायचं नाही हे ठाऊक होतं, म्हणून तर बशी धुतलीत. आणि गेल्या खेपेला मी विचारलं तेव्हा तुम्ही इथेच उभ्या होतात. एक वाक्य बोलल्या असतात तर सूप त्याच दिवशी थांबलं असतं. मी ससा बंद केला नसता. तो बिचारा बहुतेक चालत होता हिला."

"मी काय वाईटावर होते तिच्या? मायेनेच दिलं ना?"

"ते दिसतंय. त्याचीच तर भीती वाटते मला. वाईटावर असलेल्या माणसावर आपण नजर ठेवतो. माया करणाऱ्यावर कोण ठेवतं? तुमच्या लेकीने तुमच्या भरवशावर घर सोडलं होतं, याद्विगाबाई. आणि तुम्ही तिच्या नकाराला आणि माझ्या औषधाला गुपचूप खोटं पाडत होतात."

क्लुस्काला दुसऱ्या मांजराचं रक्त द्यायचं ठरलं. एका गृहस्थांचा धडधाकट बोका होता, ते त्याला घेऊन निघालेही. पण ते पोचायच्या आत क्लुस्काचा श्वास लहान लहान होत गेला आणि थांबला. तिचं डोकं मालविनाच्या तळहातावर होतं. पायाला लावलेली सलाइनची नळी अजून ठिबकत होती.

मालविना ओरडली असती तर बरं झालं असतं, असं याद्विगाला कितीदा वाटलं. ती ओरडली नाही. कामावर जायची, यायची, समोरचं ताट संपवायची. रविवारी सूप झालं नाही. पुढच्याही रविवारी नाही.

एका संध्याकाळी भांडी पुसता पुसता मालविना म्हणाली, "मी तुला नको नको एवढंच म्हणत राहिले. का नको, ते कधी बसून सांगितलं नाही. आणि तुला एखादं काम तरी द्यायला हवं होतं."

"सांगितलं असतंस तरी मी दिलं असतं," याद्विगा म्हणाली. "मला वाटायचं, अन्नातलं मला जास्त कळतं."

मालविनाने मान हलवली. निळ्या काठाची बशी तिने पुसून मांडणीत ठेवली. ती रोज दिसावी अशी समोरच.

वसंत लागता लागता याद्विगाला जिन्यात खालच्या मजल्यावरचे झेनोन भेटले. त्यांची बायको लेओकादिया इस्पितळात होती. हृदय दमलेलं, अंगात पाणी साठलेलं. झेनोनच्या हातात टॉवेलात गुंडाळलेली काचेची बरणी होती.

"सूप वाटतं?" याद्विगाने विचारलं.

"कालच केलंय. तिथलं बेचव खाऊन कंटाळली हो ती. पाणीसुद्धा मोजून देतात, कैद्याला देतात तसं."

"नर्सला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? ती नाही म्हणणारच. ती दुसऱ्या खोलीत गेली की मी दोन घोट पाजतो. थोडंसंच. मग बरणी नळाखाली धुऊन घेतो, कुणाला पत्ता लागत नाही."

याद्विगाने कठडा धरला.

"झेनोन, ती बरणी इकडे द्या."

"अहो, असं काय करताय?"

"द्या म्हणते ना. मी येते तुमच्याबरोबर. आधी विचारू. आणि आजवर किती पाजलंत, तेही सांगू."

"मला झापतील तिथे."

"झापू देत. मला कुणी वेळेवर झापलं नाही. मी गप्प बसले होते म्हणून."

आणि बसमध्ये तिने त्यांना क्लुस्काची हकिगत सांगितली. बशीसकट. झेनोन सुरुवातीला "मांजराचं काय घेऊन बसलात" म्हणाले, मग स्वतःहून बरणी तिच्या हातात दिली.

नर्सने ऐकून घेतलं. ती रागावली नाही, पण लगबगीने डॉक्टरांना बोलावून आणलं. लेओकादियाचं वजन रोज का वाढतंय, हे कोडं त्यांना आठवडाभर सुटत नव्हतं. सूपातलं मीठ आणि पाणी, दोन्ही तिच्या हृदयावर ओझं होतं. मग नर्सने झेनोनच्या हातात ओला कापूस दिला. "हे ओठांवरून फिरवा. तहान भागल्यासारखं वाटतं. हे तुम्ही हवं तितकं करा." झेनोन पलंगाशी वाकून बसले आणि बायकोचे ओठ पुसत राहिले. ती वाचेल की नाही, हे कुणी सांगितलं नाही.

आपल्या प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी आजारी जीव असतो, आणि त्याला चोरून थोडंसं देणारा मायेचा हातही असतो. देण्याआधी विचारावं. दिलं असेल तर लाज गिळून सांगावं. आणि ज्यांच्याकडे पथ्याची जबाबदारी आहे त्यांनी नुसतं नको म्हणू नये, कारण सांगावं, मायेच्या हाताला काहीतरी काम द्यावं. भांडं धुऊन लपवावंसं वाटलं, तर तिथेच थांबावं.

याद्विगा घरी आली तेव्हा बरणी भरलेलीच होती. वर गार चरबीचा पापुद्रा धरला होता. तिने ती टेबलावर ठेवली. झेनोननी लेओकादियासाठी नेली होती, एवढंच ती म्हणाली.

मालविनाने बरणीकडे पाहिलं, मग आईकडे.

"विचारलंस?"

"विचारलं," याद्विगा म्हणाली.