जनरेटरची फीत

भूकंपात हेमलताचे वडील, आबा, गेले. त्यांना अग्नी दिला, राख सावडली, तरी त्यांचा फोन काही कट झाला नाही. घर खाली बसताना त्यांनी लेकीला लावलेला कॉल तसाच चालू होता. खोऱ्यातली वीज केव्हाच गेली होती. टेकडीवरच्या टॉवरच्या बॅटऱ्यांत जीव असेल तोवर आबा बोलणार होते.

म्हणून ती फोन कानाला लावूनच टेकडी चढली.

वर मांडव घातला होता. मधोमध टॉवरसाठी आणलेला कोरा जनरेटर झेंडूच्या माळा घालून उभा, भोवती लाल फीत.

"हा सुरू का करत नाही?"

"उद्घाटन व्हायचंय, मॅडम," कंपनीचे रणपिसे साहेब म्हणाले. "फीत कापल्याशिवाय तो चालत नाही."

यात खोटं काही नव्हतं. तिने बटण दाबलं, तर जनरेटरने नव्या नवरीसारखी मान खाली घातली.

"कात्री द्या. मी कापते."

"कात्री प्रमुख पाहुण्यांबरोबर येतेय."

पाहुण्यांच्या गाडीपुढे रस्ता लांबत होता. तोवर रणपिशांनी भाषण सुरू केलं. विषय, आपत्तीतली अखंड सेवा. माइक बॅटऱ्यांनाच जोडला होता. साहेब 'अखंड' म्हणाले की बॅटऱ्यांवरचा एक दिवा विझे, आणि ढिगाऱ्यातून आणून खुर्च्यांवर बसवलेली माणसं मातीच्या हातांनी टाळ्या वाजवत.

"संपलं का त्या गाढवाचं?" आबांनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"आत्ता कुठे आभार मानतायत."

"मग पुष्कळ आहे अजून. जेवून घे तू."

ती माइकची वायर उपटायला उठली.

"बसा मॅडम, तुमचाही सत्कार ठेवलाय," असं म्हणत रणपिशांनी तिला शाल पांघरली. मग तिच्यावर दुसरी. मग आणखी. नारळ ओटीत पडत गेले. तिला हात हलवता येईना. फोन तेवढा गाल आणि खांद्यात धरलेला राहिला.

एकच दिवा उरला, तेव्हा पाहुणे आले. एव्हाना फीत लांबून मांडवाबाहेर गेली होती आणि टेकडी उतरून, घर होतं तिकडे, मातीत शिरली होती.

"कापा लवकर," हेमलता म्हणाली.

पाहुण्यांनी तबकातली कात्री उचलली.

"हेमा," आबा म्हणाले, "इथं कुणीतरी माझ्या हातात फितीचं टोक दिलंय. घट्ट धरा म्हणतात."

"साहेब, इकडे बघा," फोटोग्राफर म्हणाला.

पाहुणे हसले. फीत ताठ झाली.