तगरीच्या जागी

माझ्या भावाच्या, सनीच्या घरात बारा महिने फुलं असतात. पावसात कुजत नाहीत, मे महिन्यात करपत नाहीत, कारण सगळी प्लॅस्टिकची. अंगणात लाद्यांवर हिरवं गवत, तेही प्लॅस्टिकचं, अनवाणी पाय ठेवला की टोचतं. खिडक्यांच्या ग्रीलला बोगनवेल, जिन्याच्या कठड्याला मनीप्लँट आणि हॉलमध्ये माझ्या उंचीची केळ. केळीच्या एका पानावर मुद्दाम पिवळा डाग काढलाय, खरी वाटावी म्हणून. सनीने मला तो डाग बोट लावून दाखवला.

सनी न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे. माणूस वाईट नाही. आमच्या वस्तीतलं पहिलं स्लॅबचं घर त्याने बांधलं. ऑफिसातली माणसं जेवायला बोलवायची तर घर कसं दिसलं पाहिजे, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. त्याची बायको क्रांती त्याच्या वरताण. दोघांनी मुंबईहून खोकीच्या खोकी आणली. बाबा तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे अलिबागला होते. म्हातारं माणूस घरात नाही तोवर उरकून घेऊ, असा हिशेब. आणि उरकताना त्यांनी दारातली तगर तोडली.

ती तगर माझ्या आजीने, वेणूबाईने लावलेली. धम्मदीक्षेच्या पुढच्या वर्षी. घरातले देव खाडीत सोडले, बुद्धाची तसबीर आली आणि वंदनेला फूल हवं तर वस्तीत एक झाड नव्हतं. बाबा तेव्हा लहान होते. आजीने त्यांना वरच्या आळीत फुलं मागायला पाठवलं. तिथे उत्तर मिळालं, "द्येव सोडलाव ना, मग फुलं कशाला?" आजीने माहेरहून तगरीची फांदी आणून दारात खोचली. पुढे बाबा शाळेत गुरुजी झाले, सीताराम गुरुजी म्हणून पंचक्रोशीत नाव झालं. सकाळची वंदना त्यांची कधी चुकली नाही आणि फुलासाठी ते पुन्हा कुणाच्या दारात गेले नाहीत. उलट सगळी वस्ती आमच्या दारातून फुलं न्यायची.

मी बाबांना घरी सोडायला आले ती संध्याकाळ होती, अंधार पडलेला. सकाळी ते काळा चष्मा लावून, परडी घेऊन बाहेर गेले. तगरीच्या जागी एक कुंडी होती, पांढऱ्या फुलांनी भरलेली. बाबांना अजून धूसरच दिसत होतं. त्यांनी फूल धरून ओढलं. तुटेना. जोर लावला तशी आख्खी फांदी तारेसकट हातात आली. त्यांनी ती थोडा वेळ चाचपली, मग पुन्हा जागच्या जागी खोचून ठेवली.

आत तसबिरीपुढे क्रांतीने वाडग्यात पांढरी कमळं मांडली होती, तीही त्याच खोक्यातली. बाबा बसले, आम्ही मागे. त्रिशरण झालं, पंचशील झालं. मग फूल वाहतानाची पाली गाथा आली. तिच्यात म्हटलंय, हे फूल जसं कोमेजतं, तसा माझा देहही नाशाकडे जातो. बाबा त्या ओळीपाशी येऊन थांबले.

"काय झालं बाबा?" सनीने विचारलं.

"हे कोमेजतं का रे?"

"तोच तर फायदा आहे. मेंटेनन्स झिरो. अधूनमधून धुवायचं, बस. आणि पाली कोणाला कळते?"

"मला कळते," बाबा म्हणाले आणि उठले.

मी सनीशी कडाकडा भांडले. एवढ्या अंगणातली हातभर जमीन मोकळी कर म्हटलं.

"लाद्या उखडू? ताई, तू अलिबागला राहतेस. या अंगणात चिखल तुडवत मोठे झालो आपण, विसरलीस?"

विसरले नव्हते. पण त्याला फक्त चिखल आठवत होता, याचाच मला राग आला.

पुढच्या खेपेला मी नर्सरीतून तगरीची कुंडी आणली. तिची लाल माती लादीवर ओघळते म्हणून क्रांतीने ती गच्चीवर नेली. बाबांचे गुडघे जिना चढत नाहीत. बाकी कुणी पाणी घातलं नाही. कुंडी वाळली. माझ्याकडे राहायला चला म्हटलं तर बाबा म्हणाले, "फुलासाठी घर सोडू?" वस्तीत आता सगळ्यांनीच अंगणात लाद्या घातल्यात आणि गावात फुलवाला नाही. बाबा रोज बसत, त्या ओळीपर्यंत येत आणि उठत.

मागच्या पौर्णिमेला सकाळीच त्यांचा फोन आला.

"दीक्षा, आज वंदना पूर्ण झाली."

"फुलं कुठून आणलीत?"

"वरच्या आळीतून. नीराबाईकडून."

ज्या घराने तेव्हा नाही म्हटलं, त्याच घरची ही सून. आता तीही म्हातारी झालीय.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, गुरजी, तुमच्याकडं तं रस्त्यावरनं दिसत्यात येवढी फुलं हायत. म्हटलं, ती खरी न्हाईत. मग दिली. ओंजळभर दिली. बाई चांगली आहे."

"बरं झालं," मी म्हणाले.

"मी ओंजळ धरली, तिने वरून सोडली. मुद्दाम नाही गं. तिच्या हाताला तशीच सवय. दोन-चार खाली पडली, ती मी वेचून घेतली."

मी म्हणाले, "बाबा, परत जाऊ नका तिकडे."

"अगं, रोज या म्हणाली ती. फक्त आत येऊ नका, फाटकाशी उभं राहून हाक मारा म्हणाली. मी बरं म्हटलं."